मिलोची उधारी

आमच्या गल्लीत 'व्हिजिट' हा शब्द डॉक्टरांसाठी राखीव आहे. डॉक्टर घरी आले की व्हिजिट, आणि व्हिजिट झाली की फी. त्यामुळे अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं मला चार महिन्यांसाठी 'व्हिजिटिंग स्कॉलर' म्हणून बोलावलं, तेव्हा समोरच्या भंगारवाल्या शेठनी पहिला प्रश्न विचारला, "सर, एका व्हिजिटचे किती?" मी म्हटलं, "अहो, मी देणार नाही, ते मला देणार." शेठ म्हणाले, "तेच विचारतोय."

हे धुळं आहे. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नवं गाव सरळ रेघांत आखून दिलं, आणि त्या आखीव भागात आजही माणूस नावाआधी गल्लीच्या नंबरानं ओळखला जातो. आम्ही गल्ली नंबर चारचे. अमेरिकेतही रस्त्यांना नंबर असतात असं घरी सांगितलं, तेव्हा मायची निम्मी काळजी उतरली. "मंग ते आपलंच गाव शे," ती म्हणाली. उरलेली निम्मी काळजी भाकरीची होती. "तठे तुले भाकर कोन दी?"

सासुरवाडी माझी जळगावकडची, सावद्याची. केळीवाली माणसं. धुळं आणि जळगाव यांच्यात अंतर नव्वदेक किलोमीटरचं आहे आणि कुरबूर १९०६ पासूनची. त्या वर्षी इंग्रजांनी खानदेशाच्या वाटण्या केल्या. पूर्व खानदेश जळगावला, पश्चिम खानदेश धुळ्याला. केळी, सोनं आणि मुंबईची मेन लाइन त्यांच्या वाट्याला गेली. आमच्या वाट्याला पुढे कागद आले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून जुनी दफ्तरं गोळा करत राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं इथं संशोधन मंडळ उभं राहिलं. सासरी केळीच्या गप्पा फार व्हायला लागल्या की मी राजवाडे मंडळ काढतो. मेहुणे गप्प होतात. तुम्ही आत कधी गेला होतात का, हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता.

विद्यापीठातला माझा विषय होता कानबाईची गाणी. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. बाया रात्र गाण्यांनी जागवतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. नैवेद्याला रोट. रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून घेतात, आणि ते रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात. विद्यापीठानं मला हजर व्हायला सांगितलेली तारीख नेमकी त्याच्या आदल्या आठवड्यातली निघाली.

"कानबाईवर भाषण द्यायला चाललात," बायको म्हणाली, "आणि कानबाईलाच घरात नाही."

यावर माझ्याकडे एक सैद्धांतिक उत्तर होतं, पण ती पीठ चाळत होती.

मग भाऊबंदकीची बैठक बसली. मी घरात नसताना माझ्या नावाच्या मुठी घालायच्या की नाही? मोठे काका म्हणाले, घाला, तो काही मेलेला नाही. त्यावर चुलत्यांपैकी एकानं अडचण काढली की त्याच्या वाटचा रोट खायचा कुणी? अर्धा तास शास्त्रार्थ झाला. शेवटी धाकट्या काकांनी ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. जबाबदारी घेण्याचा त्यांचा स्वभाव जुना आहे, विशेषतः ती गुळातुपातली असेल तर.

बॅग बायकोनं भरली. तेवीस किलोंच्या मर्यादेत कळण्याचं पीठ, काळा मसाला, बिबडे, लसणाची चटणी, शेंगदाणे, आणि जागा उरली म्हणून माझे कपडे. तिकडे उतरल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं त्यातली कळण्याच्या पिठाची पिशवी बरोब्बर बाहेर काढली आणि उजेडात धरली. करड्या रंगाचं पीठ, त्यात उडदाच्या सालींचे काळे ठिपके. हे काय आहे, त्यानं विचारलं. खानदेशात कळणं म्हणजे काय हे कुणी कुणाला विचारत नाही. ते जन्मतःच माहीत असतं. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळायचे, हे मी हातवारे करून सांगितलं. ज्वारीला 'सोरघम' म्हणतात हे आयत्या वेळी आठवलं. त्याचा चेहरा खुलला. "सोरघम! ते तर आम्ही गुरांना घालतो," असं म्हणून त्यानं पिशवी परत केली आणि मला जाऊ दिलं.

हे वाक्य मी पूर्वी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं, ते आठवायला दोन महिने गेले.

माझ्या यजमान प्राध्यापकबाई साठीच्या पुढच्या. तरुणपणी फुलब्राइटची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आल्या होत्या आणि मराठी तिथंच शिकल्या. मला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "प्रवास सुखकर झाला ना? आपण दमला असाल." असं मराठी मी धुळ्यात फक्त लग्नपत्रिकेत वाचलं आहे. मीही घाईघाईनं सुखकर झालो. पुण्यात 'ळ' जिभेवर बसायला त्यांना दोन वर्षं लागली होती. बाळ, डोळा, केळं, जळगाव, असं त्या खोलीचं दार लावून घोकायच्या. आता त्यांचा 'ळ' इतका गोलगरगरीत होता की ऐकताना मलाच संकोच वाटे. खानदेशी माणसाच्या 'ळ'चं काय होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. पाहुण्यानं पहिल्याच दिवशी कुणाच्या कष्टावर पाणी टाकू नये.

फुलब्राइटचा जन्म कसा झाला हेही त्यांनीच सांगितलं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचं लष्करी सामान देशोदेशी पडून होतं. ते परत नेण्यापेक्षा तिथंच विकावं आणि आलेल्या पैशातून माणसांची शिकण्या-शिकवण्यासाठी ये-जा करावी, असं सिनेटर फुलब्राइट यांनी सुचवलं, आणि १९४६ साली तसा कायदा झाला. भारताशी करार १९५० साली झाला. मी हे त्या रात्री फोनवर घरी सांगितलं, बायकोनं समोरच्या शेठना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला: "सरांना म्हणावं, म्हणजे तुमची विद्वत्ता आमच्याच लाइनीतली."

माझं व्याख्यान सप्टेंबरात झालं. श्रोते अकरा, त्यातले तिघे मागच्या टेबलावरच्या समोश्यांवर नजर ठेवून. मी कानबाईच्या गाण्यांतली प्रतिमासृष्टी, त्यातला माहेर-सासरचा ताण वगैरे दहा पानी मजकूर वाचला. नंतर पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "याची चाल कशी आहे?"

सभागृह शांत. ही गाणी बायांनी म्हणायची असतात. पुरुषांनी त्या वेळी ओट्यावर बसून पान खायचं असतं. गेली पन्नास वर्षं मी ते निष्ठेनं केलेलं आहे. चाल मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी ऐटीत म्हटलं, "मूळ स्रोताकडूनच ऐकू," आणि मायला फोन लावला. तिथं दुपारचे चार होते. धुळ्यात रात्रीचे अडीच.

स्पीकरवर पहिलं वाक्य आलं, "कोन गया रे भाऊ?"

रात्री अडीचला फोन येतो तो कुणीतरी गेल्याचाच, हे तिचं बरोबरच होतं. कुणीही गेलेलं नाही, फक्त कानबाईचं एक गाणं म्हण, असं समजावताना माझा घाम निघाला. ती क्षणभर गप्प बसली. पोराला परदेशात काहीतरी झालं आहे, डोक्याचं असावं, पण आता रात्री वाद नको, असा विचार तिनं केला असावा. मग खाकरून तिनं गायला सुरुवात केली. झोपेतला, जाडाभरडा आवाज. अडीच-तीन मिनिटं. समोसेवाले तिघेही वळून बसले. माझ्या दहा पानांना टाळ्या शिष्टाचारापुरत्या मिळाल्या होत्या. मायला माणसं उभी राहिली. विद्यापीठानं मला दिलेल्या मानधनातले निम्मे तिचे होतात असं बायकोचं मत आहे. माझ्या मते पाऊण.

ऑक्टोबरात बाई मला ग्रंथालयात घेऊन गेल्या. मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं. आमच्या कॉलेजात ज्या पुस्तकाच्या नावापुढे 'गहाळ' लिहिलेलं आहे, ते तिथं खुशाल उभं. पुढे गेलो तर बांधीव अंकांची एक रांग: 'संशोधक', राजवाडे संशोधन मंडळाचं त्रैमासिक, धुळे. मी अंक हातात घेतला. कपाळावर आमच्या गावाचं नाव आणि आतल्या पानावर शिक्का, पी. एल. ४८०.

आणि मग विमानतळावर ऐकलेलं ते वाक्य मूळ कुणाचं ते आठवलं.

१९५४ साली अमेरिकेनं पब्लिक लॉ ४८० नावाचा कायदा केला. त्यांच्याकडे धान्य उतू चाललं होतं आणि आपल्याकडे डॉलर नव्हते. तेव्हा धान्य घ्या, पैसे रुपयांत द्या, असा सौदा ठरला. साठच्या दशकात त्यातूनच रेशनवर लाल गहू आला आणि मिलो आली. मिलो म्हणजे अमेरिकेची लालसर ज्वारी. १९६६ साली मी नऊ वर्षांचा होतो आणि रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभं राहणं हे माझं खातं होतं. माय त्या पिठाची भाकरी थापायची आणि ती तव्यावर पडेपर्यंत नकाशासारखी भेगाळायची. आजोबा ताटाकडे बघायचे आणि रोज तेच म्हणायचे, "तठे हाई ढोरेस्ले चारतस." त्यांना हे कुणी सांगितलं कोण जाणे, पण माहिती पक्की होती. विमानतळावरच्या साहेबानं अठ्ठेचाळीस वर्षांनी तिला दुजोरा दिला.

तर त्या धान्यापोटी दिलेले रुपये भारतातच साठत गेले. रुपया अमेरिकेत चालत नाही, म्हणून त्यातले काही इथंच खर्चून टाकायच्या वाटा शोधल्या गेल्या. एक वाट अशी: १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीत कचेरी थाटली, भारतात छापलेली पुस्तकं आणि नियतकालिकं त्या रुपयांतून विकत घेतली आणि तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. आता हिशेब मांडा. आम्ही मिलो खाल्ली. सरकारनं रुपये मोजले. त्या रुपयांतून अमेरिकेनं धुळ्यात छापलेला अंक विकत घेतला. आणि तो अंक वाचायला मी दोन विमानं बदलून तिथं पोचलो. आजोबांनी कुरकुरत खाल्लेल्या भाकरीची पावती माझ्या हातात होती, कापडी बांधणीत. राहिलेल्या उधारीचं पुढे काय झालं तेही नोंदलेलं आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला आणि बरीचशी रक्कम सोडून दिली. आमच्या किराणा दुकानदाराला मी ही गोष्ट दोनदा सांगून पाहिली आहे. त्याच्यावर काही परिणाम झालेला नाही.

त्याच कपाटांच्या पलीकडे ग्रिअर्सनच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे'चे जाडजूड खंड होते. नवव्या खंडाचा तिसरा भाग, १९०७ सालचा, भिल्ली भाषांचा, आणि त्यात खानदेशी. म्हणजे मायची अहिराणी ही मराठीची पोटभाषा की वेगळी भाषा, हा वाद आमच्या कॉलेजात चहाच्या वेळी चालतो तो तेव्हापासूनचा आहे. जनगणनेत खानदेशी अजून वेगळी मोजतात. २०११ साली ती बोलणारे १८ लाखांच्या वर भरले. ग्रिअर्सननं प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलातली एकच गोष्ट भाषांतरित करून घेतली होती: बापाकडून वाटा घेऊन दूरदेशी गेलेला, पैसा उडवून कंगाल झालेला आणि शेवटी घरी परत आलेला पोरगा. अमेरिकेत, नोव्हेंबरच्या थंडीत, तळघरातल्या टेबलाशी बसून मी ही गोष्ट आमच्या बोलीत वाचली. खिशात एकशे दहा डॉलर उरलेले होते.

मेहुण्यांचा फोन दर रविवारी यायचा आणि विषय एकच असायचा. "दाजी, तिथं केयी काय भाव?"

मी दुकानात जाऊन बघितलं. पाउंडाला साठ सेंटच्या आसपास. पाउंडाचे किलो केले, डॉलरचे रुपये केले, आणि क्विंटलला सात हजारांच्या वर गेले. फोनवर बराच वेळ शांतता. त्या आठवड्यात मेहुण्यांची कापणी हजाराच्या आत गेली होती. "जात कोणती?" त्यांनी शेवटी विचारलं. मी चौकशी केली. दुकानात येतात ती गरम प्रदेशांतून, ग्वाटेमाला, इक्वेडोर अशा ठिकाणांहून. जात कॅव्हेंडिश कुळातली, बरीचशी ग्रँड नैन. म्हणजे आपली जी-नाईन. जळगावात पूर्वी बसराई असायची, श्रीमंती असायची. टिश्यू कल्चरची रोपं आल्यापासून सगळीकडे जी-नाईन झाली. चार महिने मी ज्या केळ्याकडे परकं म्हणून बघत होतो ते मेहुण्यांच्या बागेचं सख्खं भावंड निघालं.

"मग दाजी," मेहुणे म्हणाले, "तिथंच दोन एकर बघा ना भो."

बाहेर गुडघाभर बर्फ होता. मी बघतो म्हटलं.

देवाणघेवाणीतली घेवाण झाली, आता देवाण उरली होती. जानेवारीत बाई आमच्याकडे आल्या. जळगाव स्टेशनवर मेहुण्यांनी हार घातला आणि विचारलं, "मॅडम जयगावात पह्यल्यांदाच का?" बाईंनी हसून मान डोलावली आणि हळूच मला विचारलं, "जयगाव कुठे आहे?" तिथून सावद्यापर्यंत गाडीत केयी, काया मसाला, डोया, फया असं एकेक कानावर पडत गेलं, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी न राहवून त्यांनी मेहुण्यांना विचारलं, "पण ळ कुठे गेला?"

"कोण?" मेहुण्यांनी विचारलं.

ज्या अक्षरासाठी त्यांनी पुण्यात दोन वर्षं दार लावून घेतलं, ते अक्षर आमच्याकडे बोलताना कुणी वापरतच नाही. युद्धातल्या भंगाराचा तेवढा पैसा वाया गेला म्हणायचा.

रात्री शेतात भरीत पार्टी होती. याविषयी मी थोडक्यात लिहू शकत नाही. भरिताची वांगी वेगळी. पांढरट हिरवी, भली थोरली, बी कमी. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला सावद्यात भरीत म्हणत नाहीत, आजारपण म्हणतात. साल काळी पडून सुटली की सोलायची, लाकडी बडगीत घालायची आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण यांच्यासह ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल इतकं की डॉक्टर पंगतीत असला तर त्यानं दुसरीकडे बघावं. सोबत कळण्याची भाकरी. बाईंनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि तरी हात थांबेना. मी विचारलं, "सुखकर आहे ना?" त्या म्हणाल्या, "सुखकर नाही. वाढा."

माय मुद्दाम धुळ्याहून आली होती. बाईंनी वाकून नमस्कार केला. मायनं त्यांना नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "अर्ध्या रातले उठाडनारी हाईच का?" मग दोघी जाळाशेजारी बसल्या आणि चाल शिकवणं सुरू झालं. मी सवयीनं उठून पुरुषांकडे गेलो.

बाईंना पाहायच्या जागांची यादी त्या घरूनच करून आल्या होत्या. जळगावचं गांधी तीर्थ मी दाखवलं, अजिंठा दाखवला. तिसरी नोंद होती भुसावळ, मेजर गिल यांची कबर. मेहुणे माझ्याकडे बघायला लागले, मी मेहुण्यांकडे. दोघांनी मिळून भुसावळला गाड्या बदलल्याचा हिशेब हजारात जाईल. बाईंनी आम्हालाच सांगितलं. रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायच्या कामावर आला, वर्षानुवर्षं राबला, आणि लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रं १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तरी तो गेला नाही. १८७९ साली वारला आणि भुसावळला पुरला. व्हिजिट लांबली म्हणायची. "तुम्ही पाहिली असेलच," बाई म्हणाल्या. मेहुण्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली आणि हळूच बजावलं, कुणाला तरी विचारत विचारत चल.

यादीतली शेवटची नोंद धुळ्याची. राजवाडे मंडळ. सकाळी दहाला आम्ही घरून पायी निघालो. बाई वाटेत राजवाड्यांबद्दल बोलत होत्या. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड, स्वतःच्या हातानं रांधून खात केलेली भटकंती, ना अनुदान ना प्रवासभत्ता. मी हूं हूं करत होतो आणि मंडळाचं दार डावीकडून उघडतं की उजवीकडून याचा अंदाज घेत होतो. आत गेलो. बाईंनी दफ्तरांचे रुमाल पाहिले, एकेका कागदापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मला भिंतीशी 'संशोधक'चे अंक दिसले. तिकडे मी पानाला दहा सेंट देऊन झेरॉक्स काढलेला लेख त्यातच होता.

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. नाव, तारीख, कोठून आलात. बाईंनी आपल्या विद्यापीठाचं नाव सावकाश देवनागरीत लिहिलं, त्यात 'ळ' नसतानाही. त्याखालची ओळ माझी. मी लिहिलं: गल्ली नंबर चार.